कातळावरचा उतार

पहिल्या भेटीत अण्णा माणसाच्या सायकलची हवा सोडायचे. नमस्कार वगैरे नंतर. आधी वाकायचे, अंगठ्यानं टायर दाबायचे, कपाळाला आठी घालायचे आणि वॉल्व्हची टोपी फिरवायला लागायचे. आपण "अहो, थांबा" म्हणेपर्यंत फुस्स करून बरीच हवा गेलेली असायची.

"एवढी हवा डांबराला," ते म्हणायचे. "मातीला स्वल्प मऊ पाहिजे. चाक दगडावर बसलं पाहिजे, उडून नाही चालत."

तुम्ही सायकलवाले असाल तर म्हणाल, बरोबर आहे की. बरोबर आहेच. पण न विचारता? आमच्या गटात एक जण नवीकोरी माउंटन बाइक घेऊन आला होता. तिच्या टायरमधली हवा तो रोज डिजिटल मापकानं मोजायचा. अण्णांनी त्याच्या डोळ्यांदेखत ती सोडली. तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो टायर आधीच मऊ करून.

मी पत्रकं लिहिते. पोटासाठी बंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत दुसरंच काही करते, पण कोणी विचारलं तर मी हेच सांगते. पदपथ, सायकल मार्गिका, बसथांबे, झाडं. नागपुरात कॉलेजात असताना लागलेली सवय. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत अन्याय करणारा, शेवटी जमायची जागा आणि वेळ. मधे शंकेला थारा नाही. शंका आली की माणूस पत्रक खिशात घालतो आणि चालू लागतो.

अण्णा मला जयनगरात भेटले तेही पत्रक वाटतानाच. सायकल मार्गिकेवर गाड्या लावलेल्या होत्या. मी एका गाडीवाल्याशी आधी इंग्रजीत, मग हिंदीत भांडून झाल्यावर स्वतःशीच मराठीत एक शिवी हासडली. मागून कोणीतरी हसलं. साठी ओलांडलेला काटकुळा माणूस, हाफ पँट, पायात रबरी चपला, आणि हातात अशी सायकल की तिचा कुठलाच भाग दुसऱ्या भागाचा नातेवाईक वाटत नव्हता. त्यांनी पत्रक मागून घेतलं, सावकाश वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि मराठीत विचारलं, "पाणी कुठं जातं ते नाही लिहिलंस?"

मला कळेना. मग त्यांनी बोटानं दाखवलं. मार्गिका रस्त्यापेक्षा चार बोटं खाली होती. पाऊस आला की रस्त्याचं सगळं पाणी तिच्यात. सगळ्या गाड्या उठवल्या असत्या तरी तिथं सायकल चालली नसती, होडी चालली असती. मी तीन आठवडे तिथं उभी होते आणि हे मला दिसलं नव्हतं, कारण मी गाड्यांकडे बघत होते.

मग त्यांनी माझी हवा सोडली.

मराठी ऐकून मी साहजिकच विचारलं, अण्णा, तुमचं गाव कोणतं? जयनगर, म्हणाले. मूळ गाव? मूळ पण हेच. आणि त्याच्या आधी?

"त्याच्या आधी घोड्यावर होतो," अण्णा म्हणाले.

शहाजीराजांबरोबर आलेल्यांतलं त्यांचं घराणं. घरात मराठी, दारात कन्नड. मला ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचे, माझ्या दुप्पट वयाचे असून. इथं तसंच चालतं. माझं मराठी त्यांना पुस्तकातलं वाटायचं, त्यांचं मला अर्धं कन्नड वाटायचं. आम्ही एकमेकांना दुरुस्त करायचो आणि दोघंही ऐकायचो नाही.

नोकरीभर ते पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते. शहरात पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता जाईल हे ठरवणारा माणूस कागदावर कोणी इंजिनिअर असेल, पण प्रत्यक्षात तो लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे फिरणारा माणूस असतो. कुठला वॉल्व्ह किती आटे फिरवला की टेकावरच्या घरात पाणी चढतं, हे अण्णांच्या मनगटात होतं. गळती शोधायची तर ते जमिनीवर सळई टेकवायचे आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावायचे. निवृत्त झाल्यावर सायकलवर बसून ते शहराबाहेर गेले आणि डोंगराकडे बघायला लागले, तेव्हाही आधी पाणीच बघायला लागले असणार.

त्यांची सासुरवाडी एका छोट्या गावात. बंगळुरूहून बसनं अडीच तास. बाजारपेठेची एक लांब गल्ली, दुधाची डेअरी, मागे तळं, तळ्यामागे निलगिरीची झाडं, आणि मग एकदम दाट जंगलाचे डोंगर. जंगलाच्या हद्दीत आपण जायचं नाही. तिथं हत्ती आहेत, अस्वलं आहेत, आणि ते त्यांचं घर आहे. पण हद्दीच्या अलीकडं गायरान, माळ, कातळ आणि त्यांवरून गेलेल्या वाटांचं जाळं. गुरांच्या, शेळ्यांच्या, सरपणाच्या, देवळाच्या. ह्या वाटांवर अण्णा आम्हाला रविवारी न्यायचे. आम्ही आठ जण. आम्ही त्यांना ट्रेल म्हणायचो. अण्णा कधीच नाही.

अण्णांबरोबर सायकल चालवणं म्हणजे निम्मा वेळ उभं राहणं. वाटेला फाटा फुटला की ते उतरायचे. हा कुठं जातो? कुठं का जाईना, अण्णा, आपल्याला तर सरळ जायचंय. हो हो, म्हणायचे, आणि सायकल झाडाला टेकवून फाट्यावर चालत निघायचे. एकदा असे गेले ते पाऊण तासानं परत आले. खिशात चिंचा होत्या. फाटा एका जुन्या तेलघाण्यापाशी गेला होता, तिथं एक म्हातारा राहत होता, म्हाताऱ्याचा मुलगा होसकोटेला कारखान्यात होता आणि म्हाताऱ्याच्या मते ह्या वर्षी मध कमी होता. आमच्यातल्या एकानं विचारलं, मग ह्या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? अण्णांनी त्याला एक चिंच दिली.

कोणी भेटलं की ते एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचे. ही वाट कोण वापरतं? कधीपासून? पावसाळ्यात पण? मी एकदा म्हटलं, अण्णा, तुम्ही जनगणना करता का? ते म्हणाले, वॉल्व्ह फिरवायच्या आधी खाली कोण आंघोळ करतंय ते माहीत पाहिजे, अक्का.

उतारावर मी हमखास पडायचे. समोर दगड दिसला की मी तो डोळ्यांत धरायचे आणि सरळ त्याच्यावरच जायचे. अण्णांनी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा माझ्या गुडघ्यातले खडे काढता काढता म्हणाले, "दगडाकडे बघू नको. बाजूची जागा बघ. तुला भांडायची सवय, म्हणून तू दगडाकडे बघतेस." मला राग आला. पुढच्या उतारावर मी बाजूची जागा बघितली आणि पडले नाही. राग गेला नाही तो नाहीच.

त्या सगळ्या वाटांत त्यांची लाडकी एक होती. डोंगराच्या पायथ्याला वीसेक घरांची वाडी होती. तिथून निघायची, गायरानातून उतरायची, एका मोठ्या काळ्या कातळावरून खाली यायची आणि तळ्याच्या बांधावरून थेट डेअरीपाशी. सकाळी वाडीतल्या बाया ह्याच वाटेनं दूध घेऊन यायच्या, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर किटली. अण्णांनी वाडीत जाऊन, पुट्टम्मा नावाच्या तिथल्या जाणत्या बाईच्या ओट्यावर बसून परवानगी मागितली होती. एकदा नाही, तीन वेळा. तिसऱ्यांदा पुट्टम्मा हो म्हणाली. अटी दोन. आठच्या आधी चाक नाही, कारण तोवर दूध उतरतं. आणि डोक्यावर भार घेतलेलं कोणी समोर आलं तर सायकलवाल्यानं उतरायचं आणि वाट सोडायची. दर रविवारी निघताना अण्णा ह्या अटी आम्हाला ऐकवायचे. आम्हाला पाठ होत्या तरी ऐकवायचे.

त्या वाटेवर त्यांनी नऊ वर्षं काम केलं होतं, बहुतेक वेळ एकट्यानं. खोरं घेऊन जायचे आणि दर वीस पावलांवर तिरपा चर काढायचे, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला जाईल. बाया खूश होत्या, कारण पावसाळ्यात घसरण कमी झाली. आम्ही खूश होतो, कारण चाकाला माती पक्की मिळाली.

आणि कातळ. कातळावर त्यांनी चाकासाठी एक उतार बांधला होता. उभे दगड एकमेकांत बसवून, फटीत माती ठोकून. सिमेंटचा कण नाही. वरून आलात की मागे सरकून बसायचं, ब्रेक हलके, आणि तो उतार तुम्हाला हातात धरून खाली सोडायचा. अण्णा स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक करायचे नाहीत. ह्या उताराचं करायचे. पाऊस होऊन गेला की मुद्दाम बघायला जायचे आणि परत येऊन सांगायचे, एक दगड हलला नाही.

मग लेआउट आला. बंगळुरूत राहणाऱ्याला लेआउट म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. माळावर अचानक रंगवलेले दगडी खांब उगवतात, मग कमान, मग जंगलाशेजारी घर घ्या असा फलक. तळ्याजवळचा पट्टा त्यांनी घेतला होता आणि कातळ नेमका त्या पट्ट्यात येत होता. एका रविवारी आम्ही उतरलो तर कातळाच्या पायथ्याला खांब रोवलेले. तार अजून लागायची होती. राखणदार म्हणाला, कागदावर इथं वाट नाही.

माझं डोकं फिरलं. सांगायला नको. वीस घरांची रोजची वाट, आणि कागदावर नाही म्हणे. परतीच्या बसमध्ये मी पत्रकाची पहिली ओळ लिहिलीसुद्धा.

अण्णा शांत होते. ते तालुका कचेरीत जाऊन चौकशी करून आले. वाट जुन्या वहिवाटीची असेल तर तिथं कुंपण घालता येत नाही. कोणी अलीकडं हौसेनं पाडलेली असेल तर येतं. पाहणीसाठी अर्ज द्यायचा, अधिकारी येऊन बघेल. अर्ज वाडीच्या नावानं जायला हवा. सोमवारी पुट्टम्माशी बोलतो, म्हणाले, मग तू लिही. तोवर थांब.

मी थांबले नाही. शुक्रवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पत्रक पूर्ण केलं. इंग्रजीत, आणि ऑफिसातल्या एकाकडून कन्नडमध्ये करून घेऊन, नकाशासकट. रविवारी सायकलस्वारांची फेरी, जमायची जागा तळ्याचा बांध, वेळ सकाळी सहा. सहा का? कारण ऊन. कारण शहरातल्या लोकांना दुपारी जेवायला घरी परतायचं असतं. आठची अट मला पाठ होती. ती आम्हा आठ जणांसाठी आहे, मोहिमेसाठी नाही, असं मी धरून चालले होते. आणि आणखी एक ओळ मी लिहिली, जी लिहिताना मला फार आवडली होती: स्वयंसेवकांनी श्रमदानातून घडवलेला हा ट्रेल वाचवा.

अशा ओळीनं लोक येतात. आले.

शनिवारी संध्याकाळी मी अण्णांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी वेळ विचारली. मग म्हणाले, वेळ बदल. मी म्हटलं, अण्णा, सगळीकडे गेलंय, आता कसं बदलणार?

रविवारी बांधावर गाड्यांची रांग. सायकली पन्नासच्या वर, शिवाय चार-पाच मोटरसायकली, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी खाली मेगाफोन घेऊन भाषण करत होते. काही जण भाषणाला न थांबता लांबच्या रस्त्यानं आधीच वर गेले होते. अण्णा अंधार असतानाच येऊन कातळाच्या माथ्याशी उभे राहिले होते, सायकल आडवी धरून, एकेकाला हात जोडून थांबवत. बहुतेक थांबले. तिघं घाणेरीच्या झुडपांतून बाजूनं घुसले. त्याच वेळी पुट्टम्मा किटली घेऊन उताराशी आली होती.

हे मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की अण्णा सायकल ढकलत खाली येत होते. सायकलच्या दांड्यावर पुट्टम्मा बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून. मागून एक बाई रिकामी किटली घेऊन येत होती. गर्दी बाजूला झाली. मेगाफोन माझ्या हातात होता. अण्णा माझ्या समोरून गेले आणि सरकारी दवाखान्याकडे वळले.

मनगट मोडलं होतं.

मी बुधवारी रजा काढून गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. वाटेच्या वाडीकडच्या तोंडाशी अण्णा बाभळीच्या काट्या तोडत होते. वाटेवर आडव्या टाकायला, चाक येऊ नये अशा. माणूस बाजूच्या फटीतून जाईल, सायकल जाणार नाही. सकाळी पुट्टम्माचं दूध त्यांनीच डेअरीला पोचवलं होतं, पायी. मी माफी मागायला लागले. त्यांनी काट्यांची एक मोळी माझ्या हातात दिली, धर म्हणाले. ती टोचत होती. मी धरून उभी राहिले.

"आठचा शब्द माझा होता, अक्का," ते काटी बसवता बसवता म्हणाले. "सहा छापलंस तू."

एवढंच. आवाज चढला नाही. मी आयुष्यात खूप लोकांना ओरडायला लावलं आहे आणि त्यांना उत्तरं दिली आहेत. ह्या वेळी मी पुढची काटी त्यांच्या हातात दिली.

पाहणी पंधरा दिवसांनी झाली. अर्ज वाडीच्या नावानं गेला होता. तहसीलदार आले, बरोबर मोजणीदार, लेआउटचा माणूस आणि त्याच्या हातात एक फाइल. वाडीतल्या बाया वर उभ्या होत्या. मी एका कडेला. लेआउटच्या माणसानं फाइल उघडली आणि माझं पत्रक काढलं. व्यवस्थित, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. श्रमदानातून घडवलेला ट्रेल, ही ओळ त्यानं अधोरेखित केली होती. म्हणाला, साहेब, ही जुनी वाट नाही. शहरातल्या पोरांनी खेळायला केलेली आहे, असं तेच लिहितात. हा बांधलेला उतार बघा. चाकासाठीच आहे. ह्यानं बायकांचे हात मोडतात. आम्ही कुंपण घातलं तर त्यांचंच भलं आहे.

तहसीलदारांनी मला विचारलं, हे तुम्ही लिहिलंय? मी हो म्हटलं. म्हणजे वाट तुम्ही केली?

बघा, एका पत्रकवालीची कशी पंचाईत होते. नाही म्हणावं तर छापलेलं खोटं. हो म्हणावं तर वाट गेली. मी घसा साफ केला आणि वाटांवरच्या हक्कांबद्दल बोलायला लागले. दोन वाक्यं झाली असतील.

वरून पुट्टम्मानं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि बाया हसल्या. मोजणीदारही हसला. मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, ही वाट हिनं केली असेल तर ही माझ्या आजीहून म्हातारी आहे.

"अक्का, स्वल्प गप," अण्णा मला म्हणाले. आणि खोरं घेऊन कातळाकडे गेले.

त्यांनी उताराचा सगळ्यात वरचा दगड उपटला. मग त्याच्या खालचा. मला आधी वाटलं, रागानं करतायत. तसं नव्हतं. ते ज्या क्रमानं बसवले होते त्याच्या उलट क्रमानं काढत होते, प्रत्येक दगड बाजूला ठेवत, एकावर एक. नऊ पावसाळे ज्याला हलवू शकले नव्हते ते एका माणसाच्यानं सहज निघत नव्हतं. तहसीलदार घड्याळ बघायला लागले, मग बघायचे थांबले. थोड्या वेळानं मीही हात लावला. अण्णा नको म्हणाले नाहीत. कोणता दगड कुठं ठेवायचा ते फक्त दाखवत राहिले.

दगडांच्या खाली माती, मातीच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबा होत्या. कापून, उलगडून, एकमेकींवर चढवून अंथरलेल्या. अण्णांनी त्या ओढून काढल्या. खाली पावठ्या होत्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकाखाली एक, सात. प्रत्येकीच्या मधे वाटीसारखा खळगा, जिथं पाऊल पडतं तिथं, आणि तो खळगा पुट्टम्माच्या आजीच्या आजीपासूनच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला. चाकानं असा दगड झिजत नाही. हे कोणाला सांगावं लागलं नाही. तहसीलदारांनी वाकून एका खळग्यात हात फिरवला.

पुट्टम्मा उतरली. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून, खाली न बघता, सातही पावठ्या. अनवाणी पाय एकेका खळग्यात बरोबर बसत होता.

मी अण्णांना हळूच विचारलं, ट्यूबा कशाला घातल्या होत्या?

"दगड घासला जाऊ नये म्हणून. आमचं काम आहे, परत काढायला लागलं तर?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपण दुसऱ्याच्या वाटेवर काहीतरी ठेवतोय आणि ते एखादे दिवशी उचलावं लागेल. दर रविवारी आम्ही त्या उतारावरून सुसाट जात होतो. खाली काय आहे हे आम्हा आठ जणांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.

पंचनामा तिथंच लिहिला गेला. लेआउटच्या माणसानं शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, पण सायकली जातात की नाही, ते तरी विचारा. तहसीलदारांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी हातावरची माती झटकली.

"चाकाची वाट नाही ही," ते म्हणाले. "आता जाणार नाही."

तेही लिहिलं गेलं. पायवाट, जुनी वहिवाट, चाकांना मनाई. खाली साक्षीदार म्हणून अण्णांची कन्नडमधली लांबलचक सही.

खांब पुढच्या महिन्यात हलले. पावठ्यांच्या बाजूला आता मोकळी जागा आहे आणि बाया सकाळी उतरतात. हे मी ऐकलेलं सांगते. मी तिथं गेलेली नाही. गावाचं नावही मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शोधू नका.

आमचा गट रविवारी दुसरीकडे जातो. ठरवून बनवलेला मार्ग आहे, फाटकावर नोंद करायची, बाण रंगवलेले. फाटे नाहीत. कोणी थांबत नाही. अकराला आम्ही नाश्त्याला पोचलेले असतो.

अण्णांना मी दोन-तीनदा बोलावलं. सरी, बघू, म्हणाले; सरी म्हणजे कन्नडमधलं बरं. माझ्यावर राग नव्हता. मागच्या पावसाळ्यात जयनगरच्या मार्गिकेबद्दल मी नवीन पत्रक लिहिलं तेव्हा ते त्यांनी वाचून दिलं, पाण्याचा एक मुद्दा घातला आणि एक ओळ खोडली. का खोडली विचारलं तर म्हणाले, तू हे बघितलंयस का? मी बघितलं नव्हतं.

परवा रविवारी सहज त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या बायकोनं उचलला. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मी विचारलं, अण्णा आहेत का?

"चालायला गेलेत," मावशी म्हणाल्या. "कुणीतरी नवीन वाट सांगितली म्हणे. खोरं घेऊन गेले नाहीत, नुसतेच गेलेत. आधी तिथल्या माणसांना भेटतो म्हणाले."

मग त्या थांबल्या. कुठली वाट ते मी विचारीन, असं त्यांना वाटलं असणार. मीही थांबले.

"सरी, मावशी," मी म्हटलं. "आले की सांगा, मी फोन केला होता."